शंका-समाधान : लाल बटू ताऱ्यांच्या अंगणातील ग्रह

मागील अंकात आम्ही कुंभ राशीतील ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या सात ग्रहांविषयी एक छोटे टिपण छापले होते. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. एकाच आशयाच्या पत्रांचा एकच प्रश्न करून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : वर्षातून दोन-तीनदा तरी ‘दुसरी पृथ्वी सापडली’ असा मथळा वाचायला मिळतो. बातमी नीट वाचली की दर वेळी तो तारा लहान, लाल आणि थंड निघतो. आपल्या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती असा ग्रह का सापडत नाही? अशा ग्रहांची तिकडेच गर्दी आहे, की शास्त्रज्ञ तिकडेच पाहतात? (एक सेवानिवृत्त शिक्षक, चोपडा)

उत्तर : दोन्ही गोष्टींत तथ्य आहे, परंतु दुसरीचे वजन अधिक आहे आणि मथळे लिहिणारे नेमकी तीच सांगायची विसरतात. आपल्या आकाशगंगेतील सुमारे तीन-चतुर्थांश तारे अशाच लहान, लाल आणि थंड, म्हणजे ‘लाल बटू’ या जातीचे आहेत, तेव्हा ग्रहांची मोजदाद करताना ते अधिक संख्येने हाती लागणार हे उघड आहे. पण खरे कारण मोजण्याच्या सोयीत आहे.

ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. शुक्राचे अधिक्रमण आपण सूर्यबिंबावर पाहतो, तोच हा प्रकार. फरक इतकाच की दूरच्या ताऱ्याचे बिंब दिसत नाही, फक्त त्याच्या एकूण प्रकाशातली घट मोजता येते. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट असल्यामुळे पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर प्रकाश ०.००८ टक्के इतकाच घटेल. ट्रॅपिस्ट-१ हा तारा सूर्याच्या जेमतेम बारा टक्के व्यासाचा, म्हणजे गुरूपेक्षा थोडासाच मोठा आहे. तेवढ्याच आकाराचा ग्रह त्याच्यासमोर आला तर घट ०.६ टक्क्यांच्या आसपास जाते. आपल्या भागातल्या हिशेबाने सांगायचे तर, क्विंटलभर कापसात सहाशे ग्रॅमची तूट काट्यावर कळते. आठ ग्रॅमची तूट कळायला काटा आणि तोलणारा दोन्ही असामान्य लागतात.

दुसरी अडचण काळाची आहे. एकदा झालेली घट म्हणजे ग्रह असे कोणी मानत नाही. ती ठरावीक अंतराने निदान तीनदा दिसावी लागते. परग्रहावरून कोणी आपली पृथ्वी शोधू लागला तर तीन अधिक्रमणे टिपेपर्यंत त्याची दोन वर्षांहून अधिक जातील. थंड ताऱ्याजवळचा, पृथ्वीइतकी ऊब मिळणारा ग्रह मात्र काही दिवसांतच एक फेरी पुरी करतो. शिवाय कक्षेची पातळी आपल्या दृष्टिरेषेत येण्याची शक्यताही जवळच्या ग्रहाच्या बाबतीत जास्त असते. पृथ्वी-सूर्य जोडीसाठी ती दोनशेत एक आहे, तर ट्रॅपिस्ट-१ च्या ‘ई’ या, आतून चौथ्या, ग्रहासाठी सुमारे पन्नासात एक.

सूर्यासारख्या ताऱ्यांभोवतीच्या पृथ्व्या शोधण्याचा नेटाचा प्रयत्न केप्लर या अवकाश दुर्बिणीने २००९ ते २०१३ या काळात केला. तिने हंस आणि स्वरमंडल या तारकासमूहांच्या दिशेला दीड लाखांहून अधिक ताऱ्यांवर सतत नजर ठेवली. तरीही पृथ्वीच्या आकाराचा आणि योग्य ऊब मिळणारा जो पहिला ग्रह तिच्या नोंदींतून २०१४ मध्ये जाहीर झाला, तो केप्लर-१८६ एफ, एका लाल बटूभोवतीच सापडला. २०१८ मध्ये सोडलेली टेस ही दुर्बीण आकाशाच्या एकेका पट्ट्याकडे साधारण २७ दिवस पाहून पुढे सरकते. वर्षभराने एकदा दिसणारा ग्रह तिच्या जाळ्यात येणे अवघडच. तेव्हा ‘पृथ्व्या लाल ताऱ्यांभोवतीच असतात’ असा निष्कर्ष काढू नये. लाल ताऱ्यांभोवतीच्या पृथ्व्या आज सापडू शकतात, एवढाच त्याचा अर्थ आहे.

प्रश्न : या ग्रहांचे छायाचित्र कोणीही घेतलेले नाही. मग सातच ग्रह आहेत, अमुक आकाराचे आहेत, त्यांचे वस्तुमान इतके आहे, हे कशावरून ठरवले? (विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, अमळनेर)

उत्तर : हा प्रश्न सविस्तर उत्तराला पात्र आहे, कारण या शोधातली खरी रंगत येथेच आहे.

बेल्जियममधील लिएज विद्यापीठाचे मिखाएल गिलाँ आणि त्यांचे सहकारी यांनी चिलीतील ला सिया येथे अवघ्या ६० सेंटिमीटर आरशाची एक दुर्बीण बसवली होती. तिचेच नाव ट्रॅपिस्ट. आजच्या व्यावसायिक वेधशाळांच्या मानाने ही दुर्बीण लहानच म्हणायची. ज्या ताऱ्यांना इतर खगोलज्ञ फारसे विचारत नव्हते, असे अतिशीत बटू तारे तिच्यासाठी निवडण्यात आले. या ताऱ्यांचे पृष्ठतापमान २५०० केल्विनच्या आसपास असते आणि त्यांचा बहुतेक प्रकाश अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा असतो, म्हणून निरीक्षणही त्याच टोकाला केले गेले. २०१५ च्या अखेरच्या महिन्यांत मिळालेल्या नोंदींत प्रकाशाची घट वारंवार दिसली आणि मे २०१६ मध्ये तीन ग्रह जाहीर झाले. पहिल्या दोघांच्या फेऱ्या अनुक्रमे दीड आणि २.४ दिवसांच्या होत्या, आणि त्या पक्क्या होत्या. तिसऱ्याची फेरी मात्र चार दिवसांपासून सत्तरहून अधिक दिवसांपर्यंत कितीही असू शकते, अशी विचित्र स्थिती होती.

त्या तिसऱ्या ‘ग्रहा’ने सर्वांना बुचकळ्यात टाकले. चिलीतीलच मोठ्या दुर्बिणीने ११ डिसेंबर २०१५ च्या रात्री टिपलेला आलेख पुन्हा तपासला तेव्हा त्यातली एक घट नेहमीसारखी साध्या पन्हाळीच्या आकाराची नव्हती. तिच्यात पायऱ्या होत्या. प्रकाश घटला, आणखी घटला, मग टप्प्याटप्प्याने भरून आला. एकाच वेळी तीन ग्रह ताऱ्याच्या बिंबावर होते! मग २०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीला जवळजवळ सलग वीस दिवस या एकाच ताऱ्याकडे लावण्यात आले. जमिनीवरच्या दुर्बिणीला दिवस, ढग आणि क्षितिज आड येतात, स्पिट्झरला यांपैकी काहीच आड येत नव्हते. त्या वीस दिवसांत चौतीस अधिक्रमणे मिळाली, ज्या घटा एकाच ग्रहाच्या समजल्या गेल्या होत्या त्या वेगवेगळ्या ग्रहांच्या निघाल्या आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सात ग्रहांची घोषणा झाली.

सातव्या ग्रहाची, ‘एच’ची, गोष्ट मला सर्वांत आवडते. स्पिट्झरला त्याचे एकच अधिक्रमण दिसले होते. एका घटनेवरून फेरीचा काळ काढता येत नाही. पण आतल्या सहा ग्रहांच्या फेऱ्यांत लहान पूर्णांकांची गुणोत्तरे होती : पहिल्याच्या आठ फेऱ्या होतात तेवढ्या वेळात दुसऱ्याच्या पाच, दुसऱ्याच्या पाच होतात तेवढ्यात तिसऱ्याच्या तीन, पुढच्या जोड्यांत तीनास दोन, तीनास दोन आणि चारास तीन. ही साखळी तशीच पुढे चालली तर सातव्याची फेरी किती असेल, याच्या मोजक्या शक्यता उरत होत्या. केप्लर दुर्बिणीने २०१७ च्या आरंभी घेतलेल्या नोंदी हाती येताच त्या शक्यता तपासल्या गेल्या आणि १८.७७ दिवसांची फेरी बरोबर जुळली. आधी गणित आणि मग आकाशातून त्याची साक्ष, असा क्रम खगोलशास्त्रात नेपच्यूनच्या वेळी घडला होता. येथे तो लहान प्रमाणावर पुन्हा घडला.

आता आकार आणि वस्तुमान. प्रकाश किती घटला यावरून ग्रहाचा आकार कळतो, पण तो ताऱ्याच्या आकाराच्या प्रमाणात. म्हणजे ताऱ्याचा व्यास मोजण्यात चूक असेल तर ती जशीच्या तशी ग्रहाच्या माथी येते. वस्तुमान वेळेवरून काढले. हे सात ग्रह इतके जवळजवळ आहेत की ते एकमेकांना ओढतात आणि त्यामुळे अधिक्रमण कधी काही मिनिटे लवकर, तर कधी उशिरा सुरू होते. वर्षानुवर्षे या वेळा टिपून २०२१ मध्ये सातही ग्रहांची वस्तुमाने चांगल्या अचूकतेने काढण्यात आली. सर्वांची घडण एकसारखी, खडकाळ आहे. मात्र पृथ्वीसारखी घडण असती तर जेवढी घनता असायला हवी होती, तिच्यापेक्षा ती सुमारे आठ टक्के कमी आहे. लोखंड कमी असेल किंवा पाण्याचा थोडा अंश असेल, असे दोन्ही अर्थ त्यातून निघतात.

सर्वच ग्रहांबाबत इतकी माहिती असते असे समजू नका. सूर्याला सर्वांत जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्सिमा, याच्याभोवतीचा ग्रह २०१६ मध्ये सापडला तो अधिक्रमणावरून नव्हे. तारा आपल्याकडे आणि आपल्यापासून दूर असा ताशी पाच किलोमीटर वेगाने हेलकावतो, हे वर्णपटातून कळले, आणि ११.२ दिवसांनी फेरी मारणारा ग्रह त्याला ओढतो असे सिद्ध झाले. या पद्धतीत वस्तुमानाची फक्त किमान मर्यादा मिळते, व्यास मिळतच नाही. प्रॉक्सिमाच्या ग्रहाला कोणी ‘पृथ्वीएवढा’ म्हटले तर तो अंदाज आहे, मोजमाप नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की केळीची पाने करपतात, उष्ण वारा अडवायला बागेच्या कडेने शेवरी लावावी लागते. तारा जर थंड आहे तर त्याच्या ग्रहावर ऊब कशी? आणि ‘राहण्याजोगा ग्रह’ म्हणजे तेथे पाणी आहे, पीक येऊ शकते, असे समजायचे का? (केळी उत्पादक शेतकरी, रावेर)

उत्तर : पाणी सापडले आहे, असे मुळीच समजू नये. ताऱ्यापासून एका विशिष्ट अंतराच्या पट्ट्यात ग्रहाला इतकी उष्णता मिळते की, योग्य वातावरण असल्यास, पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. या वाक्यातले ‘असल्यास’ बातमीत गळून पडते आणि सगळा घोटाळा तेथे होतो.

थंड ताऱ्याजवळ हा पट्टा अगदी आत असतो. ट्रॅपिस्ट-१ ची एकूण तेजस्विता सूर्याच्या दोन हजारांशाहून थोडी अधिक भरते. म्हणून त्याचा ‘ई’ ग्रह केवळ ४४ लाख किलोमीटरवर असूनही त्याला पृथ्वीला मिळते त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता मिळते. आपला बुध सूर्यापासून सरासरी ५७९ लाख किलोमीटरवर आहे. आता वातावरणाचे महत्त्व पाहा. पृथ्वीला हवेचे पांघरूण नसते तर तिचे सरासरी तापमान उणे १८ अंश असते. हवेमुळे ते १५ अंश आहे. शुक्रावर हेच पांघरूण इतके जाड आहे की तेथे ४६० अंशांच्या वर तापमान जाते. बागेला पाऊस, वारा आणि ऊन तिन्ही लागतात आणि त्यांतले एक बिघडले तरी घड भरत नाही, हे आपणास सांगायला नको.

वातावरण आहे की नाही, याचा शोध जेम्स वेब दुर्बीण घेत आहे. सर्वांत आतल्या ‘बी’ ग्रहाची दिवसाची बाजू सुमारे २३० अंश सेल्सिअस असल्याचे २०२३ मध्ये आढळले. हवा असती तर उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून गेली असती आणि तापमान कमी भरले असते. तेव्हा हा खडक उघडाच दिसतो. ‘सी’ वरही कार्बन डायऑक्साइडचे शुक्रासारखे दाट आवरण नाही. २०२५ मध्ये ‘डी’ वर पृथ्वीसारखे वातावरण असल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. ज्याच्यावर सर्वांची आशा आहे त्या ‘ई’चे पहिले निष्कर्षही त्याच वर्षी आले. त्यांतून हायड्रोजनचे मूळ आवरण उरले नाही एवढे सांगता आले. त्यापुढचे काही नाही. अडचण ग्रहापेक्षा ताऱ्याची आहे. ताऱ्यावरचे डाग आणि तप्त ठिपके यांचा ठसा ग्रहाच्या वर्णपटावर उमटतो आणि हवेची खूण कोणती, डागाची कोणती, हे वेगळे काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट येथे आवर्जून सांगतो, कारण मला ती या ग्रहांविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा वाटते. लाल बटू तारे तरुणपणी आजच्यापेक्षा बरेच तेजस्वी असतात आणि त्यांचे हे तारुण्य कोट्यवधी वर्षे रेंगाळते. आज योग्य पट्ट्यात असलेला ग्रह त्या काळात भाजून निघाला असणार. पाणी असलेच तर त्याची वाफ झाली, अतिनील किरणांनी ती फोडली आणि हायड्रोजन अवकाशात निसटला, असा क्रम गणितातून दिसतो. त्यानंतरही या ताऱ्यांवर अधूनमधून प्रचंड स्फोटक उद्रेक होतच राहतात आणि इतक्या जवळ बसलेल्या ग्रहाला त्यांचा मार चुकत नाही. जी जवळीक आपल्याला ग्रह सापडवून देते, तीच त्याच्या हवेच्या मुळावर उठते. उशिरा येऊन आदळलेल्या धूमकेतूंनी किंवा ज्वालामुखींनी हवा-पाणी पुन्हा भरून काढले असेल, ही शक्यता मात्र खुली आहे.

पिकाविषयी. आपली झाडे मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींवर वाढतात. अशा ताऱ्याच्या प्रकाशात या लहरींचा वाटा तुटपुंजा असतो, बहुतेक भाग अवरक्त असतो. काही निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांकडे असलेले हरितद्रव्य ७०० नॅनोमीटरच्या थोडे पलीकडचा लाल प्रकाशही वापरते. केळीला ते जमणार नाही.

प्रश्न : या ग्रहांची एकच बाजू ताऱ्याकडे असते, मग तेथे दिवस-रात्र कशी? (धुळे)

उत्तर : बहुधा होतच नाही. चंद्र जसा एकच बाजू आपल्याकडे ठेवतो तसेच हे ग्रह ताऱ्याच्या भरती-ओहोटीच्या ओढीमुळे जखडले गेले असावेत. अर्ध्या भागात सदाचे ऊन, अर्ध्यात सदाची रात्र. पूर्वी असे मानत की रात्रीच्या बाजूला हवाच गोठून खाली पडेल. परंतु संगणकावरील प्रतिकृतींत पुरेशी दाट हवा असली तर वारे उष्णता वाहून नेतात आणि ती आपत्ती टळते, असे दिसते.

प्रश्न : हे तारे आपल्याकडून दिसतात का? (शहादा)

उत्तर : नुसत्या डोळ्यांनी एकही लाल बटू तारा दिसत नाही. जागा मात्र पाहता येते. कार्तिकात रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास कुंभ रास दक्षिणेकडे बरीच वर असते. ट्रॅपिस्ट-१ तेथेच, चाळीस प्रकाशवर्षांवर आहे. हौशी दुर्बिणीतूनही तो दिसणार नाही, इतका तो मंद आहे. प्रॉक्सिमासाठी मेअखेरीस रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास तोरणमाळसारख्या उंच जागी, दक्षिण क्षितिज मोकळे असेल तेथे उभे राहावे. क्षितिजाच्या सात-आठ अंशच वर नरतुरंगातला मित्र हा ठळक तारा दिसतो; प्रॉक्सिमा त्याचाच लहान सोबती, त्याच्याही दोनेक अंश खाली. आकाश धुळकट असेल तर मित्रसुद्धा हुलकावणी देईल.

प्रश्न : तेथे पोहोचायला किती काळ लागेल? (रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यमालेबाहेर जात आहे. त्या वेगाने ट्रॅपिस्ट-१ गाठायला सात लाख वर्षे लागतील. स्थलांतराच्या गप्पा त्यामुळे कथा-कादंबऱ्यांतच ठेवलेल्या बऱ्या.

प्रश्न : आमच्या पाटणादेवीच्या परिसराचे भास्कराचार्यांशी नाते सांगतात. आजच्या या शोधात भारताचा काही वाटा आहे का? (चाळीसगाव)

उत्तर : आहे, आणि तो कमी लोकांना ठाऊक आहे. पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. तो तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. खगोलाचा अभ्यास पुढे चालू राहावा म्हणून केलेली ती तरतूद आहे, हे आवर्जून लक्षात ठेवण्याजोगे.

ट्रॅपिस्ट-१ च्या पहिल्या, २०१६ च्या संशोधनात लडाखमधील हानले येथील दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीचीही निरीक्षणे आहेत. ही दुर्बीण भारतीय खगोलभौतिकी संस्थेची असून ती सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर आहे आणि बंगळुरूजवळील होसकोटे येथून चालवली जाते. तिची गरज का पडली, हे रेखांशावरून समजते. हानले आणि चिली यांच्यात सुमारे दीडशे अंशांचे, म्हणजे दहा तासांचे अंतर आहे. चिलीत उजाडल्यावर जी अधिक्रमणे होतात ती तेथून दिसणार नाहीत. त्यासाठी दुसऱ्या गोलार्धात रात्र असलेली वेधशाळा हवी. दीड-अडीच दिवसांच्या फेऱ्या पक्क्या करायच्या तर मधल्या घटना सुटून चालत नाही. अबू पर्वतावरील गुरुशिखर येथे भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळाही ताऱ्यांचे हेलकावे मोजून सौरमालेबाहेरचे ग्रह शोधते. तिच्या हाती आजवर आले ते मोठे, ताऱ्याला खेटून असलेले ग्रह आहेत.

प्रश्न : महाविद्यालयात मोठी दुर्बीण नाही. आम्हाला या कामात भाग घेता येईल का? (जळगाव)

उत्तर : येईल. टेस दुर्बिणीच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत आणि ‘प्लॅनेट हंटर्स टेस’ या लोकसहभागी उपक्रमात कोणीही नाव नोंदवून ताऱ्यांचे प्रकाश-आलेख तपासू शकतो. संगणकाच्या नजरेतून सुटलेल्या घटा माणसाच्या डोळ्याला दिसतात, हे तेथे अनेकदा घडले आहे. सुरुवातीला बहुतेक ‘ग्रह’ हे एकमेकांना झाकणारे जोडतारे निघतील. दोन घटांपैकी एक खोल आणि एक उथळ दिसली, की जोडताऱ्याचा संशय घ्यावा. दोन्ही सारख्याच खोल आणि तळाला सपाट असतील तर मात्र नोंद करून ठेवावी आणि तिसऱ्या घटेची वाट पाहावी.